मास्तरबाईंची कंबर

ज्या बाईने अठरा वर्षं आपल्या शिवणाच्या दुकानात दुसऱ्यांच्या कंबरा मोजल्या, तिची कंबर मोजायला त्या दिवशी एक नर्स उभी राहिली आणि तिथेच ठिणगी पडली.

“एकशे आठ सेंटिमीटर,” नर्स म्हणाली.

“एकशे चार,” मास्तरबाई म्हणाल्या. “टेप तिरकी गेलीय तुमची. मागून खाली उतरलीय. पुन्हा घ्या.”

नर्सने पुन्हा घेतली. एकशे आठच. मग मास्तरबाईंनी पर्समधून स्वतःची टेप काढली. पिवळी, कडा काळवंडलेली, गळ्यात घालून घालून मऊ पडलेली. डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांदेखत त्यांनी आपली कंबर आपणच मोजून दाखवली. एकशे चार. “बघा,” त्या म्हणाल्या, “माप घ्यायला मला शिकवू नका. तुमची इंजेक्शनं मी देते का?”

नर्सचं तोंड एवढंसं झालं. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या. तिशीतली बाई, पण खमकी. “एकशे चार धरू या, मास्तर,” त्या म्हणाल्या, “तरी माझं उत्तर बदलत नाही.”

उत्तर ‘नाही’ असं होतं. आणि ते नुसतं कंबरेबद्दल नव्हतं.

मास्तरबाईंचा धाकटा भाऊ रंगारी. घरांना रंग द्यायचा, शिडीवर चढून भसाड्या आवाजात गाणी म्हणायचा आणि खालून कुणी ‘बस कर रे बाबा’ ओरडलं की आणखी वरच्या पट्टीत लावायचा. चाळिशी उलटली आणि त्याच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले. गेलं दीड वर्ष तो आठवड्यातून तीनदा, चार-चार तास डायलिसिसच्या मशीनला जोडलेला असायचा. त्याच्या बायकोची किडनी जुळली नाही. आईवडील केव्हाच गेलेले. राहिली ही एक बहीण, त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. तिची मात्र इतकी छान जुळली, की प्रयोगशाळेतल्या माणसाने म्हणे कागद दोनदा तपासला. घरात सगळ्यांनी सुटकेचा निश्वास टाकला आणि मग या तपासण्या आल्या.

“पाच गोष्टी बघतो आम्ही,” डॉक्टरीणबाईंनी बोटं मोजली. “कंबर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, रक्तातली चरबी आणि चांगलं कोलेस्टेरॉल. तीन बिघडल्या की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. तुमच्या चार बिघडल्यात. रक्तदाब तेवढा शहाण्यासारखा वागतोय. अशा अंगातून मी किडनी काढली, तर दहा वर्षांनी तुमच्या भावाशेजारच्या खाटेवर तुम्ही असाल. एका घरातले दोन पेशंट मला नकोत.”

“मग द्या की गोळ्या.”

“गोळ्या नंतर, लागल्याच तर. पहिला उपचार तुम्हीच करायचा असतो, म्हणून कुणाला तो उपचार वाटतच नाही. वजन ब्याण्णव आहे, ते सात-आठ किलोने उतरवायचं. जास्त नाही. सिनेमातल्यासारखं बारीक व्हायला मी सांगत नाहीये. आठवड्याला किमान दीडशे मिनिटं, दम लागेल असं चालायचं. गोड कमी, मैदा कमी, भाज्या भरपूर. रात्री वेळेवर झोप. कंबर शंभरच्या आत आली तर उत्तम. सहा महिने देते.”

“आणि नाहीच जमलं तर?”

“तर भावाचं नाव किडनीच्या प्रतीक्षायादीत आहेच. पाच-सहा वर्षं लागतात नंबर यायला. आणि मशीनवर पाच-सहा वर्षं...” त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. मास्तरबाईही काही कुक्कुलं बाळ नव्हत्या, पुढचं त्यांना कळलं.

आता गंमत ऐका. घरी ही बातमी कळल्यावर कुणी म्हणजे कुणी रागावलं नाही. नवरा, जो शाळेच्या प्रयोगशाळेत काचसामान सांभाळायचा आणि घोड्यासारखं खाऊनही काडीसारखा राहायचा, म्हणाला, “अगं, तू तयार होतीस ना? झालं तर मग. तब्येतीपुढे कुणाचं काय चालतं?” भाऊ म्हणाला, “ताई, जाऊ दे गं. तू कशाला जिवाला लावून घेतेस?” भावजयीने पदराने डोळे पुसले, पण तीही म्हणाली, “ताईंचा काय दोष त्यात?” सगळ्यांनी तिला हातोहात माफ करून टाकलं. जाड आहे बिचारी, तिच्याने काय होणार! हे कुणी तोंडाने बोललं नाही, पण ऐकू सगळ्यांचं आलं, आणि मास्तरबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“सहा महिने दिलेत,” त्या म्हणाल्या. “मी मेले नाहीये अजून. आत्तापासून कसल्या सांत्वनाला बसलात?”

जाड माणसाच्या बाबतीत जगाचा एक समज असतो, की याला आपण जाड आहोत हे माहीतच नसावं. म्हणून जो तो सांगायला येतो. पण मास्तरबाईंच्या बाबतीत, खोटं कशाला बोला, ते थोडंसं खरं होतं. तुमचं-आमचं कसं, पँटचं बटण लागेनासं झालं की डोक्यात प्रकाश पडतो. शिवणाऱ्या बाईला कोण सांगणार? कपडा शिवतानाच शिवणीच्या आत जादा कापड राखून ठेवायची त्यांची सवय. जरा काचलं की शिवण उसवायची, अर्धं बोट सोडायचं, पुन्हा टीप मारायची. दहा मिनिटांचं काम. दुपारच्या चहाआधी उरकायचं. असं अर्धं अर्धं बोट करत अठरा वर्षांत त्या एका अख्ख्या बाईएवढ्या वाढल्या आणि एक दिवस म्हणून कपड्याने तक्रार केली नाही.

आणि बसणं तरी किती! सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत खुर्ची. शाळांचे गणवेश, दवाखान्यांचे डगले, हॉटेलातल्या वाढप्यांचे शर्ट. मशीनला मोटर, पायाने नुसता खटका दाबायचा. दिवसाला सात चहा, प्रत्येकात तीन चमचे साखर, सोबत बिस्किटं. “जेवण तर माझं चिमणीएवढं,” असं त्या डॉक्टरीणबाईंना छातीठोकपणे सांगून आल्या होत्या. घरी येऊन साखरेचे चमचे मोजले तेव्हा एकवीस भरले. चिमणी कसली, ते चांगलं गलेलठ्ठ कबूतर होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाना घेतला आणि मशीनची मोटर काढून टाकली. पट्टा पुन्हा खालच्या मोठ्या चाकाला लावला आणि पायाने मशीन मारायला बसल्या. शेजारच्या खुर्चीवर काज-बटणं करणारी बाई बघतच राहिली. “मास्तर, डोकं फिरलं का तुमचं? चाळीस शर्ट द्यायचेत शनिवारी!”

“देऊ की. मोटर गेलीय, पाय जागेवर आहेत.”

पुढच्या भेटीत डॉक्टरीणबाईंनी त्यांचं कौतुक केलं आणि लगेच म्हणाल्या, “पण हे चालण्यात धरायचं नाही हं.” मास्तरबाई चरफडल्या. नाही तर नाही! त्या चालायला लागल्या. तयार कपडे पूर्वी माणूस येऊन घेऊन जायचा, ते आता त्या स्वतः पोचवू लागल्या. दोन्ही खांद्यांना पिशव्या, पायात कॅनव्हासचे बूट, चेहरा टोमॅटोसारखा लाल. पहिल्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या वाण्याने हाक मारलीच, “काय मास्तर, बस चुकली वाटतं?”

“चुकेल कशी? मागून येतेय. मला गाठायला बघतेय.”

गुडघे बोंबलायचे. तिसऱ्या आठवड्यात टाचेला फोड आला. चहातली साखर आधी अर्धी झाली, मग गेली, आणि ती गेल्यावर चार-पाच दिवस त्या इतक्या चिडक्या झाल्या, की नवरा आपण होऊन भांडी घासायला लागला. ताटात अर्धी भाजी, मग डाळ, मग वाटीभर भात, याच हिशेबाने वाढून घ्यायचं. भूक लागायची. लोक सांगतात ना, सवय झाली की भूक लागत नाही, ते साफ खोटं. लागायची आणि कडकडून लागायची. एकदा स्वयंपाकघरात पावाच्या ताज्या लादीपुढे उभ्या राहून त्या रडल्या. दुःखाने नाही हो, संतापाने. भावाची किडनी जाते आणि भूक मी मारायची, हा कुठला न्याय! मग डोळे पुसले, पावाचा एक तुकडा मोडून चवीने खाल्ला, लादी झाकून ठेवली आणि बूट घालून बाहेर पडल्या.

एक जुनं गिऱ्हाईक वजन उतरवायच्या पावडरीचा डबा घेऊन आलं. “हे घ्या मास्तर, जादू आहे जादू. एका महिन्यात दहा किलो.”

“तू किती दिवस घेतेयस?”

“तीन वर्षं झाली.”

“आणि तीन वर्षांत तुझे झगे मी कितीदा सैल करून दिले?”

बाई डबा घेऊन गेली ती दोन महिने फिरकली नाही.

दर रविवारी सकाळी मास्तरबाई आरशासमोर उभ्या राहून पिवळ्या टेपने कंबर मोजायच्या. एकशे तीन. एकशे दोन. एकदा पुन्हा एकशे तीन झाली तेव्हा त्यांनी आरशातल्या बाईला अशी काही शिवी हासडली की नवऱ्याच्या हातचं वर्तमानपत्र गळून पडलं. आणि मग, तीन महिने पुरे व्हायला पंधरा दिवस असताना, एका रविवारी नव्याण्णव आणि वर अर्धा. शंभरच्या आत! त्या तशाच भावाकडे गेल्या.

“अर्ध्या मुदतीत शंभरच्या आत,” त्या म्हणाल्या. “तयारीला लाग.”

भाऊ कितीतरी दिवसांनी मनापासून हसला. भावजयीने तर त्यांना मिठीच मारली. मग पुढचे पंधरा दिवस, माणूसच आहे, मास्तरबाईंनी हात जरा सैल सोडला. चहात एक चमचा परत आला, तीन संध्याकाळी बूट दाराशी तसेच पडून राहिले.

तीन महिन्यांच्या तपासणीला पुन्हा तीच नर्स. तिने जीव मुठीत धरून टेप गुंडाळली आणि घाबरत घाबरत आकडा वाचला. “एकशे चार.”

“काय?”

“एकशे चार, मास्तर. मी दोनदा बघितलं.”

वजन साडेअठ्ठ्याऐंशी. साखर किंचित खाली, पण सीमेच्या अलीकडे नाही. डॉक्टरीणबाई म्हणत होत्या की चांगली प्रगती आहे, असंच चालू ठेवा. पण मास्तरबाईंच्या कानात काही शिरत नव्हतं. नर्सला नको नको ते बोलून त्या तणतणत दुकानात आल्या. या लोकांची टेप खोटी आहे हे आज सिद्धच करते, म्हणाल्या. कापड कापायच्या टेबलाला कडेने एक पोलादी मीटरपट्टी ठोकलेली होती, ताग्याची टोकं सरळ करायला. तिच्यावर त्यांनी आपली पिवळी टेप ताणून धरली.

पोलादी मीटर संपला तिथे टेपवर शहाण्णव लिहिलेलं होतं.

त्यांनी टेप उचलली, पुन्हा लावली. शहाण्णव. अठरा वर्षं गळ्यात, घामात, ओढाताणीत राहून कापडी टेप सैल पडली होती, दर शंभराला चार गिळत होती. आणि कधी पत्ता लागला नाही, कारण लागणारच कसा? ज्या टेपने गिऱ्हाइकाचं माप घ्यायचं त्याच टेपने कापड कापायचं. खोट्या मापाला खोटंच कापड, दोन्ही बरोब्बर जुळायची आणि कपडा अंगावर असा बसायचा की लोक वाहवा करायचे. सबंध गावाला अंगाबरोबर कपडे शिवून देणाऱ्या बाईला स्वतःच्या कंबरेचा खरा आकडा ठाऊक नव्हता. त्या स्टुलावर बसल्या आणि काज-बटणवाल्या बाईला वाटलं, यांना आता चक्कर येणार.

चक्कर नाही आली. लाज आली, आणि ती त्यांना फारशी परिचयाची नव्हती. त्या तशाच पायी दवाखान्यात परत गेल्या, नर्सला बाहेर बोलावलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, “पोरी, तू बरोबर होतीस. मी दोनदा तुला वेड्यात काढलं. चुकलं माझं.” मग वरच्या मजल्यावर गेल्या, जिथे भाऊ मशीनला जोडलेला पडून होता.

त्याने सगळं ऐकून घेतलं. हातातल्या नळीकडे बघत राहिला. दीड वर्षात रंगाच्या डागांचा त्याच्या नखांतून मागमूससुद्धा उरला नव्हता. “ताई,” तो म्हणाला, “पुरे झालं आता. तू कमी केलं नाहीस काही. मी बघितलंय ना तुला गुडघे धरून जिना चढताना. नसेल होत तर नसेल. मला तुझा राग नाही.”

“गप्प बस,” मास्तरबाई म्हणाल्या, आणि त्या एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की पलीकडच्या खाटेवरचे आजोबा दचकून जागे झाले. “पुन्हा म्हणून मला माफ केलंस तर याद राख. टेप खोटी निघालीय माझी, मी नाही. साडेतीन किलो उतरलेत, ते काट्यावर उतरलेत, टेपवर नाही. अजून तीन महिने आहेत. तू तुझं काम कर. जिवंत राहा, एवढंच तुझं काम आहे.”

भाऊ भिंतीकडे तोंड करून रडला. मास्तरबाईही रडल्या, पण त्यांनी त्या रडण्याला खुर्ची दिली नाही, उभ्या उभ्याच उरकलं.

नवी टेप आली. पुढचे तीन महिने कुणाला सांगण्यासारखे नव्हते. चाळीस मिनिटं चालणं, तेच ताट, तेच मशीन, साडेदहाला दिवा बंद. डायलिसिस नसलेल्या दिवशी भाऊ थोडं अंतर त्यांच्याबरोबर चालायचा. तो दुखण्याने हळू, त्या वजनाने हळू, चौकापर्यंत दोघांची छान जोडी जमायची. तिथल्या बाकावर तो बसायचा आणि त्या पुढे तीन फेऱ्या मारून यायच्या. फेरीगणिक तो बसल्या जागेवरून चिडवायचा, “ताई, गोगलगाय गेली बघ पुढे!” त्यांना बरं वाटायचं, कारण चिडवतोय म्हणजे जगायचं मनात आहे.

सहा महिन्यांनी वजन चौऱ्याऐंशी. कंबर दवाखान्याच्या टेपने नव्याण्णव. साखर सीमेच्या खाली. रक्तातली चरबी खाली. चांगलं कोलेस्टेरॉल मात्र वर यायला तयार नाही, आणि कंबरही, डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, निरोगी म्हणावी अशी अजून नाहीच. “पण पाचांतल्या दोनच राहिल्या. तीन लागतात. आज तुम्हाला मेटाबॉलिक सिंड्रोम नाही, मास्तर. मी तुमचं नाव प्रत्यारोपण समितीकडे पाठवते. आणि ऐका, हे सगळं ऑपरेशननंतरही चालू ठेवायचं. सोडलंत की परत येतं.”

रस्त्यात कुणी त्यांना ओळखायला चुकलं नाही. त्या जाडच दिसत होत्या. पावडरवाली बाई तर म्हणालीसुद्धा, “एवढं चालून एवढाच फरक?”

“एवढाच,” मास्तरबाई म्हणाल्या. “मला एवढाच हवा होता.”

समितीपुढे जायच्या आधी एक शेवटची मुलाखत असते. दार लावून, एकटीची. नवरा बाहेर, भाऊ-भावजय बाहेर. आत एक पोक्त समुपदेशक बाई, टेबल, पाण्याचा ग्लास. त्यांनी सावकाश, मायेने विचारलं, कुणी दबाव आणला का? बदल्यात कुणी काही द्यायचं कबूल केलंय का? धोके कळलेत ना? मास्तरबाई उत्तरं देत गेल्या. मग समुपदेशक बाईंनी पेन खाली ठेवलं आणि आवाज आणखी हळू केला.

“हे मी प्रत्येकाला सांगते. तुम्हाला नको असेल, तर आत्ताही मागे फिरता येतं. घरच्यांना खरं कारण सांगायची गरज नाही. आम्ही एवढंच सांगू, की वैद्यकीय कारणाने तुम्हाला घेता येत नाही. तुमच्यावर बोल येणार नाही. कुणाला कधीच कळणार नाही.”

मास्तरबाई बघतच राहिल्या. मग त्यांना हसू आलं. आधी ओठांत, मग पोटातून, आणि ते नव्याण्णवचं पोट टेबलाच्या कडेला लागून हलायला लागलं.

“बाई,” त्या डोळे पुसत म्हणाल्या, “ते कारण होतं माझ्याकडे. तुमच्याच दवाखान्याने दिलं होतं, लेखी. चांगलं भक्कम. घरच्यांनी मान्यही केलं होतं, एक माणूस वाकडं बोललं नव्हतं. घरी बसून बिस्किटं खात राहिले असते तर आजही असतं.”

समुपदेशक बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

“ते घालवायला सहा महिने लागले मला. आणि तुम्ही परत द्यायला निघालात?”

“भीती नाही वाटत?” बाईंनी विचारलं.

“वाटते ना. फाटलीय माझी,” मास्तरबाई म्हणाल्या. “सही कुठे करायची?”